गुडघ्यांची झीज : समज, गैरसमज आणि उपचार

रविवारच्या पवित्र मिस्सेत पवित्रीकरणाची वेळ येते, घंटी वाजते आणि सारी मंडळी गुडघे टेकते. त्या क्षणी मागच्या बाकांकडे दृष्टी टाकली असता काही जण बसूनच राहिलेले दिसतात. त्यांत वयोवृद्ध असतात, परंतु पन्नाशीही न ओलांडलेल्या भगिनीही असतात. नवीन जालन्यातील एका मावशींनी मिस्सेनंतर आम्हांला थांबवून विचारले, "प्रभूपुढे मी बसून राहते, हे पाप तर होत नाही ना?" त्यांचे गुडघे चार वर्षांपासून दुखत होते. त्यांना चिंता होती ती पापाची. गुडघ्याविषयी त्यांनी मनाशी कधीच ठरवून टाकले होते की, आता काही होणे नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. रोमन मिस्सा ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये (परिच्छेद ४३) प्रकृतीच्या कारणामुळे ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत त्यांना मोकळीक दिलेली आहे. पवित्रीकरणानंतर याजक गुडघा टेकवितात तेव्हा अशा व्यक्तींनी लवून नमन करावे, एवढेच तेथे सांगितले आहे. दुसऱ्या गोष्टीचे, म्हणजे "आता काही होणे नाही" या समजुतीचे उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागेल. हा लेख त्यासाठीच आहे.

या विकारास डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. आपल्याकडे "संधिवात", "गुडघ्याची झीज", "वंगण संपले", "गादी गेली" अशी अनेक नावे त्याला मिळाली आहेत. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात तेथे दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढऱ्या कूर्चेचा थर असतो. सांध्याभोवतीच्या पिशवीत थोडासा चिकट द्रव असतो, आणि पुढच्या बाजूला गुडघ्याची वाटी मांडीच्या स्नायूच्या आधाराने वरखाली सरकते. या विकारात कूर्चेचा थर पातळ व खडबडीत होतो, त्याखालचे हाड कठीण होते, कडेला हाडाची टोके वाढतात आणि आतील अस्तराला अधूनमधून सूज येते. स्नायू दुबळे होतात, अस्थिबंध सैल पडतात. तात्पर्य, एकट्या गादीचे हे दुखणे नाही. संपूर्ण सांधाच त्यात आजारी पडतो.

"वंगण संपले" हा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे. माणसाचा गुडघा म्हणजे मोटारीचा भाग नव्हे. यंत्र वापराने झिजते आणि उभे करून ठेवले तर टिकते. कूर्चेचे नेमके उलट आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातील द्रवातून तिला पोषण मिळते, आणि चालताना तिच्यावर दाब पडतो व सुटतो तेव्हा, भिजलेला स्पंज पिळून सोडावा तसा, तो द्रव तिच्यात खेळतो. हालचाल थांबली की पोषणही मंदावते. शिवाय मांडीचा स्नायू काही आठवड्यांतच रोडावतो आणि जो भार त्याने पेलावयाचा तो सरळ सांध्यावर पडतो. दुखते म्हणून बसावे, बसल्याने स्नायू दुबळा व्हावा, स्नायू दुबळा झाल्याने अधिक दुखावे, असे हे चक्र आहे. आमच्या मावशी याच चक्रात सापडल्या होत्या. घरच्यांनी प्रेमापोटी त्यांचे पाणी भरणे, बाजार, जिना, सारे बंद केले होते.

हा विकार म्हणजे शहरातील, खुर्चीत बसणाऱ्या लोकांचा आजार, असे आपण समजतो. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवात तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय संघ यांच्या कार्यक्रमाचा तो भाग होता. तपासलेल्या ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे सुमारे १८ टक्के लोकांना, हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे होते. सुमारे ५.८ टक्के लोकांमध्ये ऑस्टिओआर्थ्रायटिस आढळला. ज्याला आपण आमवात म्हणतो तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस केवळ अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. भिगवणची ही माणसे शेती व कष्टाची कामे करणारी होती.

आपल्या जिल्ह्याकडे पाहिले तर यात नवल वाटू नये. कापूस वेचणाऱ्या, बियाण्यांच्या प्लॉटवर दिवसभर वाकून राबणाऱ्या स्त्रिया, मोसंबीच्या जाळ्या उचलणारे मजूर, जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील कामगार आणि मोंढ्यातील हमाल यांचे गुडघे वर्षानुवर्षे उकिडवे बसण्याचा व ओझे उचलण्याचा भार सोसत असतात. त्यात वाढते वय, वाढते वजन, तरुणपणी झालेली गुडघ्याची दुखापत आणि आनुवंशिकता यांची भर पडते. स्त्रियांमध्ये, विशेषत: पाळी थांबल्यानंतर, हा विकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. हालचाल हवी असे वर म्हटले, पण पन्नास किलोचे पोते घेऊन जिना चढणे ही ती हालचाल नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे.

निदानासाठी फारशा तपासण्या लागत नाहीत. वय पंचेचाळीसच्या पुढे, चालताना वा जिना उतरताना वाढणारे दुखणे, सकाळी उठल्यावर सांधा आखडणे पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होणे, वाकविताना कुरकुर आवाज येणे, एवढ्यावरून अनुभवी डॉक्टर ओळखतात. एक्स-रेविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चित्रातील झीज आणि माणसाचे दुखणे यांचा मेळ नेहमी बसत नाही. एक्स-रे पाहून "चौथी स्टेज" असे सांगितले गेलेले कित्येक जण बाजारहाट करीत असतात, आणि चित्र जवळजवळ निर्मळ असलेल्यांना रात्र काढणे कठीण जाते. उपचार माणसावर करावयाचे असतात.

काही लक्षणे मात्र निराळ्या आजाराची असतात. सांधा एकाएकी लाल व गरम होऊन ताप येणे, सकाळचा आखडलेपणा तासाहून अधिक टिकणे, हातापायांची लहान बोटे दोन्ही बाजूंनी सुजणे, पडल्यानंतर पाय टेकताच न येणे किंवा गुडघा अडकून बसणे, यांपैकी काही असेल तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखीही वेगळीच. २००६ च्या साथीत मराठवाड्यात अनेकांनी ती अनुभवली आहे.

आता उपचारांकडे वळू. जगभरातील तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिल्या स्थानी गोळी नाही, इंजेक्शन नाही आणि शस्त्रक्रियाही नाही. तेथे आहे व्यायाम, आणि वजन अधिक असल्यास ते घटविणे. हे सांगितले की रुग्णाचा चेहरा पडतो, हे आम्ही जाणतो. एवढ्या लांबून भाडे खर्चून आलो आणि डॉक्टरांनी काही दिलेच नाही, असे त्याला वाटते. डॉक्टरांनाही गर्दीत एक चिठ्ठी लिहिणे सोपे पडते आणि व्यायाम शिकविण्यास वेळ लागतो. पण व्यायामाने दुखणे कमी होते, याचा पुरावा गुडघ्याच्या इतर बहुतेक उपचारांपेक्षा भक्कम आहे.

व्यायाम कोणता? पाठीवर निजून एक गुडघा वाकवावा, दुसरा पाय सरळ ताठ ठेवून वीतभर वर उचलावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा आणि हळू खाली आणावा. असे दहा वेळा, मग दुसरा पाय. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणे, हा दुसरा. भिंतीला टेकविलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे व सावकाश बसणे, हा तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत उपयोगी. ज्याला खुर्चीतून उठता येते त्याला शौचास जाता येते, रिक्षात चढता येते, चर्चला येता येते. यांच्या जोडीला रोज सपाट रस्त्यावर चालणे. प्रारंभी पाच मिनिटे चालले तरी चालेल, पुढे आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. सायकल येत असेल तर तीही उत्तम.

"दुखत असताना व्यायाम कसा करावा?" हा प्रश्न हमखास येतो. व्यायामाच्या वेळी थोडेसे दुखले तर भिण्याचे कारण नाही, त्याने सांधा अधिक झिजत नाही. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ववत झाले तर प्रमाण योग्य समजावे. न झाल्यास प्रमाण निम्मे करावे, पण बंद करू नये. फरक दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यातच सोडून देतात. शक्य असल्यास फिजिओथेरपिस्टकडून दोन-तीन वेळा नीट शिकून घ्यावे आणि पुढे घरी करावे.

वजनाचा हिशेब सोपा आहे. शरीराचे वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने घटतो, असे अमेरिकेतील एका अभ्यासात २००५ साली दिसून आले. पाच किलो कमी झाले की प्रत्येक पावलाला वीस किलो. वजन फार जास्त असणाऱ्यांसाठी सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाने वजनाबरोबर गुडघेदुखीही कमी झाल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले आहे. मात्र तो खर्चीक उपाय असून तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावयाचा आहे.

काठीची लाज अनेकांना वाटते. काठी घ्यावीच, पण दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण उलट धरतात आणि मग काठीचा उपयोग होत नाही अशी तक्रार करतात. घरात उंच बैठकीचे शौचपात्र किंवा त्यावर ठेवण्याची खुर्ची, भाजी निवडण्यासाठी पाट सोडून स्टूल, असे साधे बदलही दिवसभराचा त्रास पुष्कळ हलका करतात.

औषधांत सर्वप्रथम लावण्याचे मलम. डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक असलेले जेल गुडघ्यावर दिवसातून तीन-चार वेळा लावले असता कित्येकांना गोळीइतकाच आराम मिळतो आणि पोटात औषध फारच थोडे जाते. पॅरासिटामॉलचा उपयोग या विकारात अल्पच. वेदनाशामक गोळ्या गुणकारी आहेत, पण काही दिवसांपुरत्या व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. आमच्या समाजात खरा घात येथे होतो. मेडिकलच्या दुकानातून "गुडघ्याची गोळी" मागून आणावयाची आणि वर्षानुवर्षे रोज घ्यावयाची, हा परिपाठ घरोघरी आहे. या गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ज्यांना मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार आहे त्यांना धोका अधिक. गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळ्यांपायी डायलिसिसची पाळी येणे, याहून मोठे दुर्दैव नाही.

बिननावाच्या पुड्या व काढे यांचेही तसेच. "एका पुडीत आराम" मिळतो तेव्हा त्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असण्याची शंका अवश्य घ्यावी, तसे अनेकदा आढळलेले आहे. आयुर्वेदाला आम्ही नावे ठेवीत नाही. भिगवणची पाहणी करणाऱ्या डॉ. चोप्रा यांनीच गुडघ्याच्या विकारावर आयुर्वेदिक औषधांची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. ४४० रुग्णांवरील ती चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी, गुग्गुळ अशा द्रव्यांच्या त्या औषधांचा परिणाम ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचा आढळला. काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एका घटकाची वाढही आढळली. म्हणजे तीही औषधेच होत, आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची. राहता राहिले ग्लुकोसामाइन. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत एकंदर रुग्णांमध्ये ते खोट्या गोळीपेक्षा विशेष सरस ठरले नाही. महिन्याचा तो खर्च वाचवून चांगली चप्पल घ्यावी, असे आमचे मत आहे.

सांध्यात देण्याच्या इंजेक्शनांची जाहिरात अलीकडे भिंतीभिंतींवर दिसते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने सूज असलेल्या गुडघ्याला काही आठवडे चांगला आराम पडतो. लग्नकार्य वा प्रवासासाठी तेवढा आराम मोलाचा असतो. परंतु दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिले असता कूर्चा अधिक पातळ झाली आणि दुखण्यात फरक पडला नाही, असे २०१७ साली दिसून आले. "वंगणाचे इंजेक्शन" महाग आहे, लाभ मात्र जेमतेम. स्वत:च्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचे इंजेक्शन, ज्याला पी. आर. पी. म्हणतात, ते ऑस्ट्रेलियातील २०२१ च्या काटेकोर चाचणीत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाहून सरस ठरले नाही.

दुर्बिणीने गुडघा "साफ" करण्याची कथा तर मोठी उद्बोधक आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर एक प्रयोग झाला. काहींचा सांधा दुर्बिणीतून धुतला, काहींचा धुऊन खरवडला, आणि काहींच्या त्वचेवर केवळ छेद देऊन टाके घातले. कोणावर काय केले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. दोन वर्षांनंतर तिन्ही गटांचा आराम सारखाच होता. २००२ साली हे प्रसिद्ध झाल्यावर झिजलेल्या गुडघ्यासाठी ही शस्त्रक्रिया करणे जगभर कमी होत गेले. कोणी ती आजही सुचविली तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे.

शेवटी गुडघा प्रत्यारोपण. लोक "वाट्या बदलल्या" असे म्हणतात, पण वाटी किंवा गुडघा काढून टाकला जात नाही. हाडांच्या झिजलेल्या टोकांचा पातळ थर कापून तेथे धातूचे आवरण आणि मध्ये उच्च प्रतीच्या प्लास्टिकचा थर बसवितात. आपल्या देशात ही शस्त्रक्रिया सर्वतोमुखी झाली ती पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलण्यात आला. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे १९७० च्या दशकात न्यूयॉर्क येथे आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पाया घालणाऱ्या गटातील एक. वाजपेयी त्यानंतर २००४ पर्यंत पंतप्रधानपदी होते. आपल्या महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय रुग्णांच्या हाडांना साजेसा "इंडस" हा कृत्रिम गुडघा तयार केला.

याच्या उलट उदाहरण पोप फ्रान्सिस यांचे. मे २०२२ पासून ते चाकांच्या खुर्चीत दिसू लागले. त्यांचे दुखणे मुख्यत: अस्थिबंधाचे होते. शस्त्रक्रियेस मात्र त्यांनी नकार दिला, कारण २०२१ सालच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेतील भुलीचा त्रास त्यांना पुढेही जाणवत राहिला होता. खुर्ची, काठी आणि उपचार यांच्या साहाय्याने त्यांनी प्रवासही केले. एकाने शस्त्रक्रिया करून घेतली, दुसऱ्याने नाकारली, आणि आमच्या दृष्टीने दोघांचेही चुकले नाही. ही शस्त्रक्रिया जीव वाचविण्यासाठी नसते. त्यामुळे तिची घाई कोणी करू नये, आणि तिच्या भीतीने पाच-सहा वर्षे अंथरुणाला खिळूनही राहू नये.

मग वेळ कोणती? तीन-चार महिने नेटाने व्यायाम केला, वजन सांभाळले, औषधे झाली, तरीही रात्री झोप लागत नाही, घरातल्या घरात चालणे अवघड झाले, पाय धनुष्यासारखे वाकत चालले, अशी स्थिती असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. केवळ एक्स-रे वाईट आहे म्हणून करू नये. वय कमी असून झीज एकाच बाजूला असेल तर हाडाचा कोन सुधारणारी किंवा अर्धाच गुडघा बदलणारी शस्त्रक्रियाही असते, तिची चौकशी करावी.

अपेक्षाही वाजवी असाव्यात. बहुतेकांचे दुखणे पुष्कळ कमी होते. तथापि शंभरातील दहा ते वीस जण शस्त्रक्रियेनंतरही समाधानी नसतात. जंतुसंसर्ग आणि पायात रक्ताची गुठळी हे दोन धोके थोड्यांनाच पण निश्चितपणे असतात, म्हणून मधुमेह आधी आटोक्यात आणावा आणि किडके दात व पायाच्या जखमा आधी बऱ्या कराव्यात. पुढचे तीन महिने व्यायाम न केल्यास उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. कृत्रिम गुडघे किती टिकतात? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनानुसार शंभरातील सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. जमिनीवर मांडी घालून बसणे मात्र बहुतेकांना पूर्वीसारखे जमत नाही. गुडघे टेकण्याने कृत्रिम सांधा मोडत नाही, पण अनेकांना ते त्रासदायक वाटते.

खर्चाबाबत केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत सरासरी दीड लाखांवरून ५४,७२० रुपये (कर वेगळा) झाली. पुढे या आकड्यांत बदल झाले आहेत. शिवाय ही किंमत केवळ सांध्याची असते, रुग्णालयाचे बिल वेगळे. बिलात सांध्याची कंपनी, प्रकार व किंमत स्वतंत्रपणे लिहून मागण्याचा रुग्णास अधिकार आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांमध्ये आपली शस्त्रक्रिया बसते काय व कोणत्या रुग्णालयात, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत कार्ड मिळते. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, साठेक किलोमीटरवर आहे. जाताना जुने एक्स-रे आणि घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, पुड्यांचीसुद्धा.

मावशींनी शस्त्रक्रिया केलेली नाही. सध्या त्या खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ करतात आणि रोजची गोळी सुटली आहे. कुंडलिकेच्या पुलापर्यंत चालत जाऊन परत येतात, वाटेत एकदा बसतात. पवित्रीकरणाच्या वेळी त्या अजूनही बाकावरच असतात आणि याजक गुडघा टेकवितात तेव्हा मान लववितात.